ओंडक्यातले खिळे

सकाळी पहिलाच ओंडका लावला होता आणि पट्टा तुटला. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी ती पोलादी करवत आधी किंचाळली, मग फाटकन आवाज झाला आणि पट्टा निसटून पत्र्याच्या आच्छादनावर आदळला. थोरल्याने बटण बंद केलं. चाकं थांबायला वेळ लागला. मागच्या बाजूला, चिरलेली फळी ओढून घ्यायला उभा असलेला धाकटा गालावर हात दाबून खाली बसला होता आणि त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त येत होतं.

करवतीचा एक दाता उडून त्याच्या डोळ्याखाली लागला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता, नशीबवान आहात, असंही सांगितलं. थोरल्याला त्या शब्दाचा भयंकर राग आला. रक्त गळत असताना नशीबवान म्हणणारी माणसं त्याला कधीच आवडली नव्हती.

दोघे भाऊ वखारीत परतले तेव्हा त्यांचे वडील, आबा, तुटलेला पट्टा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी शाळेच्या बाकांचं काम घेतलेला सुतार उभा होता. आबा दात्यांवरून अंगठा फिरवत होते.

“दाते नीट लावलेच नाहीत,” आबा सुताराला म्हणाले, थोरला समोर उभा असताना. “घाईघाईत कानस फिरवली की असंच होणार. आमच्या वेळी एक पट्टा पावसाळा ते पावसाळा जायचा.”

“आबा, आत खिळा आहे,” थोरला म्हणाला.

“ओंडका मी ठोकून बघितलाय. रेघ मारलीय त्याच्यावर.”

त्या रेघेपुढे वखारीत कुणाचं काही चालत नसे. ओंडका आला की आबा कुऱ्हाडीच्या माथ्याने तो बुडापासून शेंड्यापर्यंत ठोकत जायचे, मान वाकडी करून ऐकायचे. भरीव लाकूड, पोकळ लाकूड, पोटात लोखंड असलेलं लाकूड, प्रत्येकाचा आवाज निराळा. मन भरलं की कापलेल्या तोंडावर खडूने एक आडवी रेघ मारायचे. रेघेशिवाय ओंडका करवतीपुढे सरकणाऱ्या गाड्यावर चढत नसे, आणि रेघ असली की त्यावर शंका घेण्याची कुणाची छाती नसे. गावोगावचे सुतार ‘आबांच्या रेघेची फळी’ म्हणून माल नेत. खोटं कशाला बोला, ती रेघ होती म्हणून वखार उभी राहिली होती.

थोरला छिन्नी-हातोडी घेऊन ओंडक्याशी बसला. चिरीच्या तोंडाशी लाकूड फोडत गेला तेव्हा आत हातभर खोल काळा, वाकडा झालेला खिळा सापडला. त्याने तो आबांच्या पुढ्यात टाकला.

“असेल एखादा राहिला,” आबा म्हणाले. “रस्त्याकडेची झाडं ही. लोकांनी झाडांची खुंटी केली. म्हणून दाते खराब असले तर चालतात का? नाचता येईना अंगण वाकडं.”

सुतार हसला. थोरल्याने छिन्नी पेटीत टाकली आणि हात धुवायला निघून गेला. गेले काही महिने हेच चाललं होतं. रस्ता रुंद करायला दुतर्फाची जुनी झाडं पाडली, ती या वखारीला मिळाली आणि तेव्हापासून पट्ट्यांमागून पट्टे तुटत होते. प्रत्येक वेळी आबा दात्यांना नावं ठेवायचे आणि थोरला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आणखी वेळ कानस घेऊन बसायचा. त्याच्या दोन्ही अंगठ्यांची कातडी सोलून निघाली होती. आपलंच काहीतरी चुकतंय, हे त्याला हळूहळू पटायला लागलं होतं. बापाने रोज सांगितलं की माणसाला पटतंच.

त्या दिवशी जेवताना मात्र थोरलीने ताटं वाढता वाढता विषय काढला. थोरली म्हणजे त्याची बायको. वखारीतला भुसा भरून विकण्याचं काम ती बघायची आणि बोलायला लागली की समोर सासरा आहे की सुतार, हे बघायची नाही.

“लोखंड शोधायचं यंत्र मिळतं म्हणे. मोठ्या वखारींत असतं,” ती म्हणाली. “ते आणल्याशिवाय भावोजी त्या करवतीमागे उभे राहणार नाहीत. मी राहू देणार नाही.”

“यंत्र?” आबा म्हणाले. “आणि मी काय करू मग? भुसा भरू?”

“तुम्हीच चालवायचं ते. ठोकायचा त्रास वाचेल.”

हे तिने लगेच म्हटलं आणि बरं म्हटलं. आबा थोडा वेळ घास चावत राहिले. “आणा,” ते म्हणाले. “पण मी पारखून घेणार. दुकानदाराच्या तोंडाकडे बघून घ्यायचं नाही.”

दुकानदार बाजारपेठेच्या टोकाला होता. मोटारी, पंप, फवारणीची यंत्रं, सगळं विकायचा. भोंग्यासारखा बोलायचा म्हणून त्याला सगळे भोंगाच म्हणायचे, तोंडावरसुद्धा. थोरला गेला तेव्हा त्याने तीन यंत्रं काढून मांडली आणि तिन्हींचे माहितीचे कागद थोरल्याच्या हातात कोंबले.

थोरल्याने कागद वाचले आणि त्याचं डोकं फिरलं. एकावर लिहिलं होतं, आठ इंच खोलीपर्यंत शोधते. आठ इंचांवरचं काय शोधते? खाली बारीक अक्षरात उत्तर होतं: नाणे. कशात शोधते? त्याहून बारीक अक्षरात: हवेत.

“हवेत नाणं कोण ठेवतं?” थोरल्याने विचारलं.

“ते मोजमाप असतं हो,” भोंगा म्हणाला.

“आम्हाला लाकडात खिळा हवाय. लाकडात किती खोलीवरचा खिळा सापडतो?”

“ते लाकडावर आहे,” भोंग्याने सांगितलं. “हे बघा, हे थाळीवालं घ्या. सगळ्यांत भारी. दांडीला गोल थाळी, पुढे पडदा, त्यावर आकडे येतात. शेतात पुरलेलं सोनं काढतात लोक याने. आणि याची खासियत सांगू? सगळं लोखंड आपोआप वगळतं. खिळ्याकडे ढुंकूनही बघत नाही!”

थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. “अहो, आम्हाला खिळेच पाहिजेत.”

भोंग्याच्या आयुष्यात खिळे मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच असावं. “मग ती सोय बंद करता येते,” तो म्हणाला. कशी, ते त्याला माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे मोठ्या इमारतींच्या दारावर रखवालदार माणसांच्या अंगावरून फिरवतात ते चपटं दांडकं. तिसरं पिवळं, पुढे बोथट नाक असलेलं, हातात मावणारं. ते लाकूडवाल्यांसाठीच बनवलंय असं कागदावर होतं, पण कागदावर तर काय वाटेल ते असतं. थोरल्याने हट्ट धरला की तिन्ही नेतो, एक दिवस वापरून बघतो, मग ठरवतो. भोंग्याने बरीच कुरकुर केली, ओरखडा पडला तर घ्यावं लागेल असं तीनतीनदा बजावलं आणि शेवटी तिन्ही दिली.

दुसऱ्या दिवशी वखार बंदच होती. नवा पट्टा यायचा होता. धाकटा गालाला पट्टी लावून, फोनवर त्या यंत्रांचे व्हिडिओ बघत बसला होता. त्यात कुणीतरी समुद्रकाठी वाळूत अंगठ्या शोधत होतं. वखारवाला त्यात कुठेच नव्हता.

“सुरू करा तुमचा खेळ,” आबा म्हणाले आणि ओंडक्यावर बसले.

पट्टा तोडणारा तो ओंडका अजून गाड्यावरच होता, तेव्हा तिथूनच सुरुवात केली. थाळी जवळ नेली तशी ती गुरगुरायला लागली. दांडकं नेलं तर तेही घुमायला लागलं. पिवळंसुद्धा थांबेना. बुडाला वाजे, शेंड्याला वाजे, मधे वाजे. थोरल्याने कपाळावर हात मारला. सगळा ओंडका खिळ्यांनी भरलाय की काय!

“बघा,” आबा म्हणाले, “सगळ्याच गोष्टीला भुंकणारं कुत्रं राखणीला काय कामाचं?”

धाकटाच मग हसायला लागला, गाल दुखत असतानाही. “दादा, गाडा लोखंडाचा आहे. खाली रूळ आहेत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळ्यांनी मिळून पहारी लावून तो धूड ओंडका गाड्यावरून उतरवला आणि अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. त्यात दुपार व्हायला आली. घामाने सदरे पाठीला चिकटले. तरीही थाळी गुरगुरतच होती, तेव्हा थोरलीने नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्याचं बक्कल. मग बक्कल गेलं, खिशातल्या किल्ल्या गेल्या, आबांची कुऱ्हाड लांब ठेवली गेली. ती हातातून सोडताना आबांना फार जड गेलं.

आता यंत्रांची परीक्षा घ्यायची तर खिळा कुठे आहे हे आधी माहीत हवं. थोरल्याने दुसऱ्या एका स्वच्छ ओंडक्याला भोकं पाडली, त्यांत निरनिराळ्या खोलीवर खिळे सारले आणि वरून भुसा दाबून भरला.

“स्वतःच खिळे घालायचे आणि स्वतःच शोधायचे,” आबा म्हणाले. “असलं काम मला कुणी दिलं असतं तर मी म्हातारा झालोच नसतो.”

थाळीची ती खिळे वगळण्याची सोय धाकट्याने बरीच बटणं दाबून एकदाची बंद केली. मग ती खिळ्याला गुरगुरू लागली, पण पसरट. एवढ्या मोठ्या थाळीखाली खिळा नेमका कुठे, हे कळेना. एका खिळ्यासाठी परातीएवढा खड्डा खणावा लागला असता. ती बाद झाली. दांडकं सालीखालचे खिळे बरोबर सांगायचं, घुं घुं करून, जाड्या माश्या घोंगावतात तसं. पण खोलवरच्या खिळ्यांवरून ते खुशाल फिरून यायचं. आणि रस्त्याकडच्या झाडांची सगळी पंचाईत खोलवरच होती. कुणी आजोबांच्या काळात पाटी ठोकलेली, पाटी गेली, खिळा राहिला, झाड वाढत गेलं आणि खिळ्याला पोटात घेऊन बसलं.

पिवळं मात्र खरं निघालं. खोलातल्या खिळ्यावर त्याचं नाक नेलं की ते बारीक, टोकदार शिट्टी घालायचं. इतकी टोकदार की थोरली दचकली आणि घरातून आई कानावर पदर दाबून बाहेर आली. “काय ते कर्कश!” आई म्हणाली. धाकट्याने ते शेजारच्या ढिगावर फिरवलं. त्याच रस्त्यावरच्या चौकातलं जे सगळ्यांत जाडं झाड पाडलं होतं, त्याच्या ओंडक्याच्या ऐन मध्यावर पिवळं किंचाळलं. दांडक्याने तिथे तोंड उघडलं नाही. थोरल्याचा जीव कित्येक महिन्यांनी हलका झाला. प्रश्न सुटला होता.

“द्या इकडे,” आबा म्हणाले. “मी बघतो.”

त्यांनी पिवळं हातात घेतलं आणि खिळे घातलेल्या ओंडक्यावर सावकाश फिरवलं. पहिल्या खिळ्यावर आलं, शिट्टी वाजली. आबा पुढे गेले. दुसऱ्या खिळ्यावर वाजली. आबा पुढे गेले. मग परत आले, यंत्र खिळ्यावरच टेकवून धरलं. शिट्टी थांबेचना. आई कान दाबून उभी होती. आबांनी यंत्र हलवलं, तळहातावर आपटलं.

“मुकं झालं हे,” ते म्हणाले. “माझ्या हातात आलं आणि बंद पडलं. असला माल असतो.”

शिट्टी वाजत होती. आबांच्या हातात, त्यांच्या तोंडापुढे वाजत होती.

आई खाली बघायला लागली. थोरली नवऱ्याकडे बघत होती. धाकट्याने तोंड उघडलं तसा थोरल्याने त्याच्या दंडाला धरलं.

“काय बघताय सगळे?” आबा म्हणाले.

“काही नाही, आबा,” थोरला म्हणाला. “त्याच्या सेलची गडबड असेल.”

“तेच म्हणतोय मी. हे दांडकं बरं आहे. स्पष्ट बोलतं.” आबांनी दांडकं उचललं, खिळ्यावर धरलं, ते घुमलं आणि आबा समाधानाने मान डोलावू लागले.

तेव्हा थोरल्याला सगळं दिसलं. करवतीच्या घरघरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे या घरात सगळेच ओरडून बोलायचे, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. लाकडातलं लोखंड कुऱ्हाडीखाली बारीक, वरच्या पट्टीत बोलतं. आबांच्या कानांना जाडे आवाज पोहोचत होते, ते बारीक आवाज पोहोचत नव्हते. ते ठोकत होते, मान वाकडी करत होते आणि रेघ मारत होते. दाते कधीच चुकलेले नव्हते. थोरल्याने आपल्या सोललेल्या अंगठ्यांकडे बघितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आणि झाला नाही याचाही राग आला.

थोरलीने त्याला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

“पिवळंच येईल ना?”

“आबांना ते ऐकू येत नाही. मग ते दुसऱ्या कुणीतरी चालवायचं, म्हणजे रेघ दुसऱ्याची. म्हणजे आबा इथे कशाला?”

“तेच त्यांना सांगा.”

“काय सांगू? तुमची रेघ खोटी, म्हणून? जन्मभर त्या रेघेवर जगलाय तो माणूस.”

“आणि भावोजींनी डोळ्यावर जगायचं असतं की नाही?” थोरलीचा आवाज चढला. “तुम्हाला बापाचा मान राखायचाय. राखा. पण दुसऱ्याचा डोळा घालून राखू नका. स्वतः उभे राहा करवतीमागे.”

“करवत मग चालवणार कोण?” थोरला ओरडला. पण हे उत्तर नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायचं काम नेहमी मोठ्या मुलाकडेच.

दुसऱ्या दिवशी तो तिन्ही यंत्रं घेऊन बाजारात गेला. भोंग्याने विचारलं, कोणतं? थोरल्याने पिवळं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. भोंगा म्हणाला, “यात सुधारलेलं मॉडेलही येतं, पण वेळ लागेल.” थोरल्याने ऐकलंच नाही. त्याने दांडकं घेतलं. वाटेत मनाशी ठरवलं की चौकातला तो जाडा ओंडका मागेच ठेवायचा, बाकीच्यांत फक्त वरवरचे खिळे असतील, आणि आबा म्हातारे झालेच आहेत, आणखी किती दिवस? हे शेवटचं मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. तरी तो दांडकं घेऊनच घरी आला.

थोरलीने पिशवीत बघितलं आणि भुशाची पोती शिवायला निघून गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

नवा पट्टा चढला त्या सकाळी बाकांचा सुतार आला, आणखी दोघं सुतार आले. आकाश भरून आलेलं होतं. पाऊस लागायच्या आत लाकूड चिरून फळ्या आडोशाला जायला हव्या होत्या. आबा धुतलेला सदरा घालून, दांडकं घेऊन अंगणात उभे होते. इतके दिवस सुतार त्यांना ठोकताना बघायचे, आज यंत्रासह बघणार होते. आबा सरळ ढिगाकडे गेले आणि चौकातल्या त्या जाड्या ओंडक्यावर हात ठेवला.

“आधी हाच. रुंद फळी निघेल याची.”

“आबा, तो नंतर घेऊ,” थोरला म्हणाला.

“का? आता तर यंत्र आहे.”

दांडकं सालीवर ठिकठिकाणी घुमलं. आबांनी प्रत्येक ठिकाणी बोट ठेवलं, धाकट्याने पकडीने खिळे उपटले. सुतार वा वा म्हणत होते. खिळ्यांचा लहानसा ढीग झाला. मध्यावर दांडकं गेलं तेव्हा ते गप्प होतं. आबांनी दोनदा फिरवलं, तिथे ते दोन्ही वेळा गप्पच होतं. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि रेघ मारली.

ओंडका गाड्यावर चढला. धाकटा करवतीमागे जाऊन उभा राहिला. त्यालाही माहीत होतं. त्याने परवा स्वतःच तर पिवळं फिरवलं होतं. टाके अजून ओले होते. त्याने भावाकडे एकदाच बघितलं आणि हातमोजे चढवले. दारात थोरली येऊन उभी राहिली होती.

थोरल्याचं बोट बटणावर होतं. ते पुढे जाईना.

“चालू कर की,” आबा म्हणाले.

“नाही करत.”

“काय?”

“या ओंडक्यात खिळा आहे. मध्यात आहे.” थोरला आता मोठ्याने बोलत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ते पिवळं वाजलं होतं तिथे. सगळ्यांनी ऐकलं. तुम्हाला ऐकू येत नाही, आबा. म्हणून पट्टे तुटतात.”

सुतारांनी एकमेकांकडे बघितलं. आबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“मला ऐकू येत नाही?” ते म्हणाले. “चार माणसांत मला शिकवतोस?” त्यांनी धाकट्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतः करवतीमागे, फळी ओढायच्या जागेवर जाऊन उभे राहिले. “माझी रेघ आहे. मी उभा राहतो. चालू कर!”

आणि खरं सांगायचं तर एक क्षण थोरल्याला वाटलं, करावंच चालू. इतक्या महिन्यांचा सगळा संताप त्याच्या बोटात उतरला होता. कानस, अंगठे, सुतारांचं हसणं, नाचता येईना अंगण वाकडं. त्याने करवतीच्या पलीकडे बघितलं. आबा ताठ उभे होते. पण त्यांनी मान एका बाजूला वळवली होती, हात चेहऱ्यापुढे धरला होता आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.

स्वतःच्या रेघेवर त्यांचाही विश्वास नव्हता.

थोरल्याने बोट काढून घेतलं. “आबा, बाजूला व्हा,” तो म्हणाला.

आबा हलले नाहीत. तो पुन्हा म्हणाला. आबा तसेच डोळे मिटून, अंग आकसून, करवत सुरू व्हायची वाट बघत उभे राहिले. बोलणाऱ्याचे ओठ दिसत नव्हते म्हणून त्यांना काही समजत नव्हतं. सुतारही आता हसत नव्हते. थोरला गाड्याला वळसा घालून गेला आणि त्याने त्यांच्या हाताला हात लावला. लोखंड लागल्यासारखे आबा जोरात दचकले. मग डोळे उघडून त्यांनी थांबलेल्या चाकांकडे बघितलं.

चेहऱ्यापुढचा हात त्यांनी खाली घेतला. मग हळू म्हणाले, “ते पिवळं वाजत होतं ना, माझ्या हातात?”

“हो.”

“वाटलंच मला. सगळे कसे बघत होतात.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “जा, ते घेऊन ये. धाकट्याला चालवू दे.”

“कधीपासून कमी येतंय?”

“झाले बरेच दिवस. आधी वाटलं, कुऱ्हाड बदलली म्हणून.” ते थांबले. “मग कळलं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. प्रत्येक तुटलेला पट्टा मांडीवर घेऊन बसताना, चार लोकांसमोर दात्यांवरून अंगठा फिरवताना त्यांना माहीत होतं. ओरडावं, सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं ओरडावं, असं थोरल्याला वाटलं. पण ओरडलं असतं तर सुतारांनी ऐकलं असतं, आणि न ओरडता ते आबांपर्यंत पोहोचणार नव्हतं. तो मान खाली घालून, ओठही नीट न हलवता म्हणाला, “मग माझ्या दात्यांना का नावं ठेवलीत, आबा?”

“काय म्हणालास?” आबांनी विचारलं आणि मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“काही नाही,” थोरला मोठ्याने म्हणाला. “सावलीत बसा. मी बाजारात जाऊन येतो.”